एकेरी रस्ता

भूम,
८ मार्च १९८७

मच्छिंद्र,

बाजाराच्या दिवशी तुझी वाट बघितली. दुपारची गाडी आली, त्यानंतरचीही आली, तू काही उतरला नाहीस. तब्येत बरी आहे ना? की गाडी चुकली? तेरखेड्यातून वाशीपर्यंत यायचं, तिथून पुढची गाडी धरायची, त्यात हे ऊन. मार्चमध्येच विहिरींचे तळ दिसायला लागलेत, तर मे कसा जायचा कुणास ठाऊक.

मस्कतचा मामा आठवडाभर राहून गेला. म्हणाला, एवढा कॉम्प्युटर आणून दिला, त्याचं करतोस काय? मी सांगितलं, सोलापूरच्या व्हिडिओ गेम पार्लरमधला मोटारींच्या शर्यतीचा खेळ त्यात बसवतोय. तो हसला. 'ते मशीन कपाटाएवढं, आणि हे पाटीएवढं. हत्तीला तांब्यात बसवतोस का?' मी म्हटलं, हत्ती नाही बसत, पण सोंड बसली आहे.

खरंच बसली आहे. सरळ रस्ता झकास पळतो. वळण आलं मात्र की रस्त्याची उजवी कड फाटते आणि मोटार गवतात उभी दिसते. तुझा वळणाचा तक्ता माझ्या डोक्यात शिरत नाही, आणि त्याचा दुसरा कागद तुझ्याकडंच राहिलाय. पोस्टानं पाठवतोस, की पुढच्या बाजाराला येतोस?

टीव्ही ठणठणीत आहे. तू डाग दिलेली तार पुन्हा सुटली नाही. शेजारच्या पार्वतम्मा काकूंचाही छान चाललाय. परवा आईला म्हणत होत्या, 'पोरगं लई हुशार हो, आत हात घातला आन् फिरणारं चित्र थांबलं.' तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

त्या दिवशी तू न सांगताच गेलास. गाडीची घाई असेल.

तुझा मित्र,
विरुपाक्ष


भूम,
२९ मार्च १९८७

मच्छिंद्र,

तुझं पाकीट मिळालं. आलेखाच्या कागदाचे अकरा ताव आणि त्यांवर तुझे ते मुंगीसारखे आकडे. पाकीट उलटंसुलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. एका तावाच्या मागं काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून उजेडात धरलं, तर तीही खोडलेली बेरीजच.

सगळे आकडे भरायला तीन दिवस लागले. मधे एकदा वीज गेली आणि टेपवर उतरवून ठेवलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चालवलं. मच्छिंद्र, रस्ता वळला. टेकडीला वळसा घालून यावा तसा वळला, आणि कड कुठंही फाटली नाही. मी एकटाच खोलीत बसून हसत होतो.

मला पार्लरमधलं तुझं उभं राहणं आठवलं. सगळी पोरं स्टिअरिंगसाठी भांडायची आणि तू बाजूला उभा राहून नुसता पडदा बघायचास. मला वाटायचं, खेळायला पैसे नाहीत म्हणून बघतोय. खोलीवर आल्यावर तू म्हणालास, 'विरू, रस्ता हलतच नाय रे. पट्टे नुसते रंग बदलतात. आपल्याला वाटतं आपण पुढं चाललो.' आपल्या यंत्रात एवढी जागा नाही, एवढे रंग नाहीत, आवाज म्हणजे एक पिपाणी. तरी हे होईल, हे मला त्या वाक्यानं पटलं. सोलापूरला शिकताना तीन वर्षं एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. त्या खोलीत मला कधी काही अवघड गेलं नाही.

आता लिहितो. गेल्या पत्रात मी गाडीच्या घाईचं लिहिलं ते खोटं होतं. तू का येत नाहीस हे मला ठाऊक आहे.

तुला मी बाजाराच्या दिवशीच बोलवायचो, कारण त्या दिवशी आई आणि अप्पा दोघंही दिवसभर दुकानात असतात. आणि घरात कुणी नसतानाही तुला ओट्यावर बसवायचो, टीव्ही खिडकीकडं फिरवायचो, आणि आतून बटणं दाबायचो. आत उकडतं, असं सांगायचो. ओट्यावर दुपारी केवढं ऊन येतं. तू कधी काही बोलला नाहीस. मांडीवर कागद घेऊन डोळे बारीक करून खिडकीतून बघायचास.

त्या दिवशी तार सुटली आणि चित्र गेलं. मला काही जमेना. तू म्हणालास, 'मी बघू का?' आणि पहिल्यांदा आत आलास. टीव्हीचं मागचं झाकण काढून तू खाली बसला होतास तेवढ्यात आई पार्वतम्मा काकूंना घेऊन घरी आली. तिनं साधंच विचारलं, 'कुठला रे तू?' तू म्हणालास, तेरखेड्याचा. 'आडनाव?' तू म्हणालास, ओव्हाळ. काकूंनी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. आणि तिनं काही म्हणायच्या आतच मी बोलून गेलो, 'टीव्ही दुरुस्तीला बोलावलंय. होईल आता.'

तू मान वर केली नाहीस. हातातला स्क्रू घट्ट पिळत राहिलास. मग काकू म्हणाल्या, 'आमचाबी बघ की मग. चित्र नुसतं वर वर पळतंय.' त्यांनी टीव्ही उचलून आपल्या ओट्यावर आणवला. मला वाटलं, तू काहीतरी सांगून निघून जाशील. तू गेलास आणि खरंच तो दुरुस्त केलास. मी आमच्या उंबऱ्यात उभा होतो. तू वर बघशील म्हणून मी आत गेलो.

ये ना एकदा. पुण्याची ती कॉम्प्युटरच्या खेळांची कॅसेटवाली कंपनी, जिला आपण जानेवारीत लिहिलं होतं, तिचं उत्तर आलंय. त्यांचे साहेब एका सहकारी साखर कारखान्यात हिशोबाचं मशीन दाखवायला येणार आहेत, तेव्हा वाटेत भूमला थांबून खेळ बघणार आहेत. एप्रिलच्या मध्यावर. तू असायला पाहिजेस.

तुझा मित्र,
विरुपाक्ष


भूम,
१९ एप्रिल १९८७

मच्छिंद्र,

साहेब येऊन गेले. मी दोन पत्रं टाकली होती, तुला मिळाली असणार.

अप्पांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गल्लीतली चार माणसं बोलावली, आईनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. साहेबांनी खेळ चालवला. आधी नुसते बघत होते, मग खुर्ची पुढं ओढली. दोन वेळा मोटार ठोकली आणि तिसऱ्यांदा शेवटपर्यंत नेली. म्हणाले, 'विलायतेहून आलेल्या कॅसेटींमध्येही असं वळण मी पाहिलं नाही.' अप्पांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

मग त्यांनी विचारलं, 'वळणासाठी गणित कसं केलं? पडद्याच्या प्रत्येक ओळीला भागाकार केला तर एवढा वेग यायचा नाही.' मी म्हटलं, तक्ता आहे. ते म्हणाले, तक्ता दिसतोच आहे, पण आकडे कसे काढले? मला सांगता येईना. मी तुझं नाव सांगितलं.

त्यांना खेळ हवाय. पण दोन गोष्टी सांगितल्यात. तीन मोटारी एकदम समोर आल्या की खेळ मंदावतो, तो मंदावता कामा नये. दुसरं, जूनअखेरपर्यंत पुरा पाहिजे. तीन मोटारींचं माझ्यानं होणार नाही. मी चार दिवस डोकं आपटतोय. तुझ्याशिवाय होणार नाही, हे मी कामासाठी लिहीत नाही. कामासाठीही लिहितोय.

टँकर आता एक दिवसाआड येतो. तुमच्याकडं कसं आहे?

विरुपाक्ष


भूम,
१० मे १९८७

मच्छिंद्र,

काल तुमच्या गावी जाऊन आलो. तुला कळलंच असेल.

फाट्यावर उतरून बुद्धवाड्याचा रस्ता विचारला. विचारताना आवाज नकळत हळू झाला, ते माझं मलाच ऐकू आलं. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, मुक्ताबाई शेडवर हाय. गावाबाहेर, फटाक्यांच्या त्या लांब शेडपर्यंत चालत गेलो. ठिणगी उडू नये म्हणून दारात पादत्राणं काढायला लावली. आत दहा-बारा बायका कागदाच्या नळ्या वळत बसल्या होत्या. तुझी आई मला लगेच ओळखू आली, तुझ्यासारखीच कपाळाला आठी घालून काम करते. हात दारूच्या भुकटीनं कोपरापर्यंत चंदेरी झालेले.

मी म्हटलं, 'मी भूमहून आलोय. विरुपाक्ष.' ती गडबडीनं उठली. पदर सारखा केला आणि म्हणाली, 'मालक, तुमी कशाला आलात एवढ्या उन्हाचं? निरोप धाडायचा.'

मला कळेना. मग तिनंच सांगितलं. 'मच्छिंद्र सांगायचा न्हाई का, भूमला एक मालक हायेत, बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडं टीव्हीचं काम असतं. चांगलं वागवत्यात म्हणायचा. आता का सोडलं ओ त्यानं? काय चुकलं का त्याचं?'

म्हणजे तू घरी पहिल्यापासूनच असं सांगत होतास. मी आईपुढं खोटं बोललो त्याच्या कितीतरी आधीपासून. मित्राच्या घरी जातो आणि उन्हात ओट्यावर बसतो, हे आईला सांगण्यापेक्षा कामावर जातो हे सांगणं तुला सोपं वाटलं. कामावरच्या माणसाला ओट्यावर बसवलं तर त्यात काही वाटून घ्यायचं नसतं.

ती मला घरी घेऊन गेली. शेजारणीकडून खुर्ची आणली. रांजणात वाटीनं खरवडून पाणी काढलं आणि तांब्या भरून दिला. 'प्या, गाळलेलं हाय,' म्हणाली. तरी तांब्या हातात देताना जरा थांबली, मी घेतो की नाही ते बघत. मी सगळा प्यालो. पिऊन झाल्यावर लक्षात आलं, रांजणात तेवढंच होतं.

तिनं पुन्हा विचारलं, 'चुकलं असंल तर सांगा, मी त्याला समजावते.' मी म्हणालो, 'त्याचं काही चुकलं नाही.' एवढंच. मी मालक नाही, हे मला म्हणता आलं नाही. ती एवढ्या आदरानं समोर जमिनीवर बसली होती, आणि मी खुर्चीत होतो. उठून तिच्या शेजारी बसायला काय लागत होतं? मनात आलं, आता सांगितलं तर तिला वाटेल, पोरगं आपल्याशी खोटं बोललं. तुझी अब्रू राखतोय असं स्वतःला सांगत मी माझीच राखत बसलो.

तू बार्शीला एका दुकानात टीव्ही दुरुस्तीच्या कामाला लागलास, हे तिच्याकडूनच कळलं. पत्ता घेतला. हे पत्र तिकडंच पाठवतो.

आणि गेल्या पत्रातलं एक दुरुस्त करतो. साहेबांनी आकड्यांचं विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं, असं लिहिलं होतं. मी म्हणालो होतो, 'मदतीला एक मुलगा येतो.' अप्पा आणि गल्लीतली माणसं बसली होती. साहेब म्हणाले, मग त्या मुलालाच घेऊन या. तेव्हाही मी नाव घेतलं नाही.

विरुपाक्ष


भूम,
२४ मे १९८७

मच्छिंद्र,

आईला सांगितलं.

ती अंगणात ज्वारी निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, 'आई, फेब्रुवारीच्या शेवटी आला होता तो टीव्हीवाला नव्हता. मच्छिंद्र. सोलापूरला माझ्या खोलीत होता तो.'

'सुट्टीला यायचास तेव्हा ज्याचं सांगायचास तो? तू तापानं फणफणला होतास तेव्हा ज्यानं रात्री उशाशी बसून काढल्या?'

'तोच.'

ती निवडत राहिली. मग म्हणाली, 'मग त्यानं पार्वतम्माचा टीव्ही कशाला नीट केला?'

'मी खोटा पडू नये म्हणून.'

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ती रागावेल, आपल्या घरात असं चालत नाही म्हणेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, 'तू तसं का सांगितलंस पण? मी काय म्हणाले होते?'

'तू म्हटलं असतंस काहीतरी.'

'म्हटलं असतं. म्हटलंही असतं कदाचित. पण मला म्हणू तर द्यायचं होतंस. मी वाईट बोलले असते तर ते माझ्या पदरात पडलं असतं, आणि गिळलं असतं तर तेही माझंच असतं. तू मला विचारलंच नाहीस. स्वतःच भ्यालास आणि नाव माझं पुढं केलंस.'

ती सूप घेऊन आत गेली. संध्याकाळी जेवायला वाढलं आणि आत निघून गेली. आज सकाळी फक्त एवढं म्हणाली, 'त्याच्या आईचं नाव काय?' मी सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि पाणी भरायला टँकरकडं गेली. यापुढं तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. ती बदलली, असं तुला लिहून मी तुला खूष करणार नाही.

पुण्याच्या साहेबांनाही लिहिलं. रस्ता, वळण, पट्टे, सगळं मच्छिंद्र ओव्हाळ यांचं आहे. मी आकडे भरले. आणि यापुढचं पत्र त्यांना बार्शीच्या पत्त्यावर लिहा. पत्र पेटीत टाकून परत आलो. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. एवढं सोपं होतं ते करायला तीन महिने लागले, याचीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर घेऊन बार्शीला येतो. तू नको म्हणालास तर दुकानाच्या दारातून परत फिरेन.

विरुपाक्ष


भूम,
२१ जून १९८७

मच्छिंद्र,

बार्शीहून आल्यापासून रोज लिहायला बसतोय.

गाडीत दोन तास मांडीवर खोकं धरून आलो. दुकान सापडलं. तू एका उघड्या टीव्हीवर वाकला होतास. वर बघितलंस, ओळखलंस, हात पुसलेस आणि म्हणालास, 'या. बसा.'

मला वाटलं, दुकानाचे मालक समोर आहेत म्हणून. थोड्या वेळानं ते जेवायला घरी गेले. दुकानात आपण दोघंच उरलो. तू विचारलंस, 'पाणी घेणार का तुम्ही?'

मग तू यंत्र जोडलंस. गिऱ्हाइकाचा रंगीत टीव्ही होता. आमच्या घरच्या काळ्यापांढऱ्यावर आपण सगळा खेळ केला. रंग आपल्याला फक्त आकड्यांनी ठाऊक. गवत हिरवं उगवलं. रस्त्याच्या कडेचे पट्टे लाल-पांढरे झाले, आणि तू जरा मागं सरकून बघत राहिलास. तेवढा वेळ तुझा चेहरा खोलीतल्यासारखा होता. पण आभाळ आलं ते जांभळं. मी हसलो. तू हसला नाहीस. ताव बघून म्हणालास, 'इथं आकडा तुम्ही चुकीचा भरला.' आणि बदललास.

तीन मोटारींचं काम तू तासाभरात उरकलंस. लांबच्या मोटारी पडद्यावर दर खेपेला काढायच्याच नाहीत, एक सोडून एक खेपेला काढायच्या. 'लांबचं एवढं निरखून कोण बघतंय,' म्हणालास. चालवून बघितलं. कुठं अडखळलं नाही. खेळ पुरा झाला. अशा वेळी खोलीवर आपण काय केलं असतं ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. तू झाकण लावलंस.

मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं बोललो. तुझ्या आईसमोर खुर्चीत बसून राहिलो, तेही. तू ऐकलंस. मधेच एक सोल्डर करून घेतलंस. शेवटी म्हणालास, 'तिला मी सांगितलंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.' सुरुवातीच्या पडद्यावर तुझं नाव आधी घालू का, विचारलं, तर 'तुम्हाला हवं तसं घाला.' कॉम्प्युटर तुझ्याकडं ठेव म्हटलं, तर नको म्हणाला नाहीस. ठेवून घेतलास, आणि दुकानाच्या पुस्तकातून पावती फाडून दिलीस. 'श्री. विरुपाक्ष हणमंतप्पा यांजकडून कॉम्प्युटर एक, सुस्थितीत मिळाला.' खाली तुझी सही. चहाही तूच पाजलास. गाडीपर्यंत पोचवायला आलास. सगळं रीतसर.

परवा साहेबांचं पत्र आलं. खेळ दिवाळीच्या आत कॅसेटवर येईल, आणि तू जुलैपासून पुण्याला त्यांच्याकडं रुजू होतोयस. चांगलं झालं. मी अप्पांच्या दुकानात बसतो. त्याबद्दल तक्रार नाही, मला येतं ते एवढंच.

सुरुवातीच्या पडद्यावर तुझं एकट्याचं नाव घातलंय. माझं घातलं नाही. मोठेपणा म्हणून नाही. दोन नावं शेजारी शेजारी दिसली असती तर ती मित्रांची वाटली असती.

काल आईनं पार्वतम्मा काकूंना तुझं खरं काय ते सांगितलं. मी आत होतो, ऐकू आलं. काकू काय म्हणाल्या ते लिहीत नाही. आई त्यावर म्हणाली, 'ते तुमचं तुम्ही बघा.'

मी रागाची तयारी करून आलो होतो. तू हाकलून दिलं असतंस, चारचौघांत दोन शब्द सुनावले असतेस, तर मी ते घेऊन घरी आलो असतो. तू मला 'या, बसा' म्हणालास. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. ओट्यावर बसवणाऱ्याला म्हणतात तसं. दुपारभर मी वाट बघितली, एकदा तरी चुकून जीभ घसरेल. नाही घसरली.

पुण्याचा तुझा पत्ता मला साहेबांकडून मिळेल, पण तू दिल्याशिवाय मी तिथं लिहिणार नाही. हे शेवटचं बार्शीला. उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही. पण कधी लिहिलंसच, तर शिव्या लिही, काय वाटेल ते लिही. फक्त एकेरीत लिही.

विरुपाक्ष